कळपाने घेतलेला वळसा

या सदरातले अनुभव मी जेवताना वाचते, आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचते. अमावस्या, पिंपळ, बंद पडलेली बाईक, मग लिफ्ट मागणारी बाई... आणि खाली कमेंट – "अंगावर काटा आला". आमच्या घरी असल्या गोष्टींना थारा नाही. आम्ही कोल्हारचे ख्रिस्ती. पप्पा शाळेत गणित शिकवतात. लहानपणी मी "मला काहीतरी दिसलं" म्हणाले की ते एक अख्खं स्तोत्र पाठ करायला बसवायचे, आणि थोड्याच दिवसांत मला काही दिसायचं बंद झालं. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मला आहे. एक आधीच सांगून ठेवते – यात रात्र नाही, अंधार नाही, लाईटसुद्धा गेली नव्हती. जे झालं ते भर दुपारी झालं आणि ते मी एकटीने पाहिलेलं नाही.

माझं नाव एस्तर. नगरमधल्या – आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वेळ लागतोय – एका कॉलेजात मी गेम आर्टची डिग्री करतेय. गेम खेळायची नव्हे, गेममधले डोंगर, झाडं, माणसं, जनावरं बनवायची डिग्री. हे वाक्य नातेवाइकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलंय. तरी नाताळला एक काका विचारतातच, "मग बी.एड. कधी करणार?"

पहिल्या वर्षी ज्याचं काम त्याच्यापाशी होतं. बिघडलं तर तुमचं, जमलं तरी तुमचंच. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी कुलथे सरांनी सांगितलं, "आता ग्रुप प्रोजेक्ट. तिघांचा मिळून एक गेम, तिघांना एकच मार्क. एक जण गळाला तर उरलेल्या दोघांनी ओढायचं." ग्रुपही त्यांनीच पाडले. निवडायची सोय नाही. माझ्या वाट्याला आले तन्मय आणि बिरू.

तन्मय सावेडीचा. बोलण्यात पटाईत, बूट कायम पांढरेशुभ्र. गेममधलं तांत्रिक काम – कोण कुठून चालेल, कशाला धडकेल – ते त्याच्याकडे. जमीन, झाडं, दगड, उजेड हे माझ्याकडे. आणि बिरू, म्हणजे बिरुदेव, हा कर्जतकडचा. घरची मेंढरं. पावसाळाभर गावाबाहेरच्या माळावर मुक्काम आणि दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडे, हे त्यांचं पिढ्यान्पिढ्यांचं. पहिलं वर्षभर हा मुलगा शेवटच्या बाकावर बसून होता आणि काठावर पास झाला होता. पण त्याने केलेलं जनावर चालायला लागलं की मी माझं काम सोडून बघत बसायचे. आम्ही बाकीचे आधी पाय हलवतो. तो आधी मान हलवायचा. मी कारण विचारलं तर म्हणाला, "मेंढरू आदी मान टाकतं, मग पाय येत्यात त्याचं." वर्गात कुणालाच हे दिसत नव्हतं आणि त्याचा मला उगाचच स्वतःचा अपमान झाल्यासारखा राग यायचा.

तन्मयला पडक्या शहरात झॉम्बी हवे होते. सर म्हणाले, "दरवर्षी निम्मा वर्ग झॉम्बी आणतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एखादी जागा घ्या." तन्मयचं तोंड उतरलं. तेवढ्यात बिरू खाली बघत म्हणाला, "आमचा माळ हाय. कळप हाकायचा, तळ्यावर न्यायचा. एवढाच गेम." तन्मय हसला. मी लगेच म्हणाले, "फायनल." असं काही मी पटकन ठरवून टाकलं की नंतर त्याचं मलाच निस्तरावं लागतं, पण त्या दिवशी मी बरोबर होते असं आजही मानते.

श्रावणात आम्ही तिघं कर्जतला एसटीने आणि पुढे बिरूच्या गाववाल्याच्या टेम्पोने माळावर गेलो. पत्र्याचं घर, मागे काटेरी कुंपणाचा कोंडवाडा. घरासमोरून उतार, मग एक वाकडी बाभूळ, तिच्यासमोर बैठा काळा कातळ, दोघांच्या मधून वाट आणि पलीकडे पाझर तलाव. भुरभुर चालू होती म्हणून मेंढरं कोंडवाड्यातच होती. त्यांना चालताना मी त्या दिवशी पाहिलं नाही – हे लक्षात ठेवा. मी फोटो काढले, कातळाचं आणि बाभळीपासूनच्या त्याच्या अंतराचं माप घेतलं. बिरूच्या आईने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते एकदाच बोलले. "ह्ये फोटू काडून काय हुनार?"

परत येताना एसटीत बिरूने सांगितलं. त्याचा चुलता सुप्याला कंपनीत लागला होता, त्यामुळे कळपामागे माणूस कमी पडत होता. आबांनी मुदत दिली होती. दसऱ्याला त्याने घरी येऊन काय शिकतोय ते दाखवायचं. पटलं तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर कॉलेज सोडून कळपासोबत.

"तू जाणार नाहीस," मी म्हणाले.

"तू कोन ठरवनार?"

"मी तुझ्या ग्रुपमध्ये आहे."

"आबा न्हाईत ना ग्रुपमदी," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मला भयंकर संताप आला. ज्याच्या हातात खरोखर काही आहे तोच नेमका निघून जाणार, आणि झॉम्बीवाले सगळे पदवी घेणार. मी मनाशी ठरवलं की दसऱ्यापर्यंत गेम असा करायचा की आबांना नाही म्हणायला जागाच राहू नये.

आणि आम्ही केलाही. मी माळ उभा केला – मुरमाड जमीन, सुकत चाललेलं गवत, बाभूळ, कातळ. बिरूने मेंढरं केली, प्रत्येकाची चाल वेगळी. तन्मयने त्यांना वाट शोधायला शिकवलं. इथे थोडं समजावून सांगावं लागेल. गेममध्ये जनावराला वाट आपण आखून देत नाही. चालता येईल अशी सगळी जमीन कॉम्प्युटर हिरवी रंगवतो आणि जनावरं त्या हिरव्यातून सगळ्यात जवळची वाट स्वतः धरतात. मध्ये दगड-झाड असेल तर तेवढं हिरव्यातून वगळलं जातं. बस, इतकं सरळ आहे.

पहिल्यांदा सगळं एकत्र जोडून चालवलं ती दुपारची वेळ होती. डबे खाऊन झाले होते, लॅबमध्ये लोणच्याचा वास भरला होता. कळप कोंडवाड्यातून निघाला, उतारावरून खाली आला. बिरूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाभूळ आणि कातळाच्या मध्ये आल्यावर मात्र पुढची मेंढरं फाकली. काही डावीकडून, काही उजवीकडून. मध्ये एका बाजेएवढी जागा रिकामी सोडून ती पुढे गेली आणि परत एक झाली. उजवीकडची काही कातळात चेपून अडकली. सगळी पोचल्याशिवाय गेम पुरा होत नाही, म्हणजे गेम तिथेच अडला.

तन्मयने माझ्याकडे पाहिलं. "एस्तर, परत काहीतरी लपवून ठेवलंयस ना?"

त्याचं चुकलं नव्हतं. नको असलेली वस्तू डिलीट न करता नुसती लपवून ठेवायची माझी सवय वर्गात प्रसिद्ध आहे. अशी लपवलेली वस्तू दिसत नाही, पण जनावरं तिला धडकतात. मी वस्तूंची अख्खी यादी वरून खालपर्यंत तपासली. काही नव्हतं. तन्मयने हिरवा रंग दाखवला तर ती जागा बाकी माळासारखीच हिरवीगार होती. म्हणजे कॉम्प्युटरच्या मते तिथून खुशाल चालता येत होतं. मेंढरं चालत नव्हती.

मी चिवट आहे. पप्पा म्हणतात, गणित सुटत नसेल तर त्यातलं एकेक काढून बघ. मी माझी जमीन काढून टाकली आणि तिथे एक सपाट कोरा पत्रा ठेवला. वळसा तसाच. बिरूची मेंढरं काढून औषधाच्या कॅप्सूलसारखे साधे राखाडी आकार सोडले. त्यांना ना मान, ना पाय. ते घसरत खाली आले, त्या जागेपाशी फाकले आणि बाजूने गेले. बाभूळ आणि कातळाच्या जागी नुसते खोके ठेवले, तरी तेच. तेव्हा पहिल्यांदा मी माऊस सोडून मागे सरकले. भीती म्हणणार नाही मी... पण ट्यूबलाइट चालू आहे, बाहेर कुणीतरी क्रिकेटवरून भांडतंय, आणि पडद्यावर राखाडी गोळ्या एका मोकळ्या जागेला मान देऊन बाजूने जातायत. बिरू मागे उभा होता. तो म्हणाला, "ह्यांना कुनी सांगितलं?" आम्हाला वाटलं तो गंमत करतोय.

सरांनी बघितलं आणि सरळ सांगितलं, "फाइल खराब झाली असेल, नवीन करा." नवीन कोऱ्या फाइलमध्ये कळप सरळ गेला. आम्ही सुटलो म्हणून चहा प्यायला गेलो. परत येऊन बाभूळ आणि कातळ आपापल्या जागी ठेवले आणि वळसा परत आला. कातळ थोडा सरकवला की वळसा गायब, परत जागेवर आणला की हजर. मी श्रावणात मोजून आणलेल्या मापावर आणला तरच. मग कातळ सरकवलेलाच ठेवूया, असं तन्मय म्हणाला. सोपं होतं. पण बिरू तयार होईना. "आबा बघनार हायेत. कातळ हललेला त्यांना लगेच दिसंल. मग म्हनतील, ह्ये तर आपलं न्हवंच." आणि खरं सांगू, मलाही ते हरल्यासारखं वाटत होतं. मी रोज नवीन काहीतरी करून बघत होते, तन्मय मला सोड म्हणत होता, मी सोडत नव्हते, आणि दसरा आला तरी वळसा तिथेच होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं जरा कलल्यावर, आम्ही तिघं पत्र्याच्या घरासमोर घोंगडीवर बसलो. तन्मयच्या पांढऱ्या बुटांना लेंड्या लागल्या होत्या आणि तो ते कुणाला दिसू नये म्हणून मांडी घालून बसला होता. बिरूने लॅपटॉप आबांसमोर ठेवला. अडकलेल्या मेंढरांचं काय सांगायचं ते आम्ही वाटेत ठरवलं होतं – काहीच सांगायचं नाही, तिथे येण्याआधीच बंद करायचं.

आबा तंबाखू मळत बघत होते. कळप उतारावर आला तसे ते पुढे सरकले.

"ती मागली लंगडतीया का?"

"व्हय. ती बानाई हाय," बिरू म्हणाला. बानाई ही त्यांची म्हातारी मेंढी.

"तिचा मागला डावा पाय. तू उजवा क्येलास."

"बदलतो."

आबांच्या मिशीत काहीतरी हललं. मी तन्मयला कोपराने ढोसलं. बिरूही त्या हसण्याने इतका हरखला की बंद करायचं विसरला. कळप बाभळीपाशी आला, फाकला आणि बाजेएवढी जागा सोडून पुढे गेला.

आबांचा तळहातावरचा अंगठा थांबला. मग घराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, हिकडं ये जरा."

बिरूची आई ओले हात पदराला पुसत आली. "काय ओ?"

"बस. लाव रं परत."

बिरूने परत लावलं. तिने पाहिलं, आणि हात पदरातच धरून ती खाली बसली.

"ह्यो वळसा तुला कुनी सांगितला?" आबांनी विचारलं.

बिरू गोंधळला. "कंचा?"

"त्यो बाभळीपाशी. कुनी सांगितला?"

आबांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना ते लागलं होतं, मनाला भिडलं होतं, हे कुणालाही कळलं असतं. तन्मय हुशार आहे. त्याने संधी ओळखली आणि म्हणाला, "काका, ते आम्ही मुद्दाम..."

"न्हाई," बिरू म्हणाला. "आमी न्हाई क्येला, आबा. ती चूक हाय आमची. लई दिस झालं काडतोय, निघंना. मेंढरं अडकत्यात आनि गेम पुरा हुत न्हाई."

मी डोळे मिटले. जिंकलेला डाव त्याने स्वतःच्या हाताने उधळला होता. एक 'व्हय' म्हणाला असता तर सुटला असता हा मुलगा. मला त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

आबा काही बोलायच्या आत त्याची आई म्हणाली, "दावा त्यास्नी."

आबांनी काठी घेतली आणि कोंडवाड्याचं झापं काढलं. खरा कळप उतारावरून खाली निघाला, आम्ही मागून. मान टाकत, मग पाय टाकत. बाभूळ आणि कातळाच्या मध्ये आल्यावर पुढच्या मेंढ्या फाकल्या. मध्ये जागा राहिली. तेवढीच आणि तिथेच. बानाई सगळ्यांच्या मागून लंगडत आली आणि तीही बाजूने गेली.

तन्मय माझ्या शेजारी होता. तो फक्त "ए..." एवढंच म्हणाला. मी मात्र तडक त्या जागेवर गेले आणि खाली बसून जमीन चाचपली. मला खड्डा हवा होता, वारूळ हवं होतं, दगड हवा होता, काहीही चाललं असतं. ऊन लागून तापलेला मुरूम होता.

"उठ तितनं, पोरी," बिरूची आई हळूच म्हणाली. मी उठले.

ती बिरूशी बोलत होती, पण बघत होती तलावाकडे. "तुज्या आदी एक पोरगी झाल्ती मला. पाल तवा हितंच ठोकलं हुतं आपलं, ऱ्हायाला. दिस भरायच्या आदीच झाली. बारशापतुर न्हाई ऱ्हायली. ह्यांनी हितं पुरली. कुत्री उकरत्यात म्हनून वर मुरूम लोटून सपाट क्येलं. दगूडसुदिक ठेवला न्हाई. मी हालंना मग हितनं. रोज येऊन बसायची. मेंढरं यायची, मला बघून बाजूनं जायची. लई दिस चाललं त्ये. मग ह्यांनी मला उठवलं, पर मेंढरांचा वळसा तसाच ऱ्हायला. कोकरं आयांच्या मागं चालत्यात. त्यास्नी काय म्हाईत, कुनापायी वळतोय त्ये."

"मला कदी सांगितलं न्हाई," बिरू म्हणाला.

"सांगून काय हुतंय," आबा म्हणाले. "आमी दोगंबी कदी बोललो न्हाई."

"नाव काय हुतं तिचं?"

"बारसंच कुटं झालं," आई म्हणाली. बिरू तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. एवढा मोठा मुलगा, त्याने तिचा पदर धरला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

कळप तलावावर पोचून पाणी पिऊ लागला तेव्हा तिने विचारलं, "त्यो वळसा काडनार का तुमी?"

बिरूने माझ्याकडे पाहिलं. तो खोटं बोलणार नाही हे आता मला कळलं होतं. म्हणून मीच बोलले. "नाही काढणार, मावशी. मेंढरं अडकू न देता वळसा ठेवणार." कसा, ते मला माहीत नव्हतं. पण बोलून बसले होते, आणि एकदा बोलले की मी करते.

निघताना बिरूने आबांना विचारलंच. "पटलं का तुमास्नी?"

"मला त्यातलं कळत न्हाई," आबा म्हणाले. "पर इचारल्यावर खोटं न्हाई बोललास." मग काठीने जमीन टोकत, "दिवाळीनंतर कळपामागं गडी बघतो मी एक."

टेम्पोत तन्मयने पहिल्यांदाच बुटांकडे पाहिलं नाही.

पुढचं तसं साधं आहे. कातळ हलवायचा नव्हता, वळसा काढायचा नव्हता, म्हणून मी दुसऱ्या बाजूने जागा केली. बाभळीपलीकडे मी काटेरी झुडपांची दाट रांग लावली होती, ती मागे घेतली. फाकलेल्या मेंढरांना बाभळीच्या बाजूने ऐसपैस वाट मिळाली, कातळाकडची गर्दी ओसरली, अडकणं थांबलं, गेम पुरा झाला. बानाईचा पाय बदलला. परीक्षणाच्या दिवशी सरांनी बिरूच्या मेंढरांची चाल पुन्हा पुन्हा बघितली आणि अख्ख्या वर्गाला बोलावून दाखवली. मग विचारलं, "मधली जागा मोकळी का सोडतात?" मी म्हणाले, "ती तशीच आहे, सर." चूक दुरुस्त केली नाही म्हणून त्यांनी मार्क कापले. तिघांचे सारखेच. तन्मय कुरकुरला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

आता कुणी म्हणेल, बिरूने लहानपणापासून तो वळसा पाहिला होता, त्याच्याकडून नकळत आला असेल. मीही असंच म्हटलं असतं. वळसा त्याला माहीत होताच, लॅबमध्ये आम्ही त्याचं बोलणं गंमत समजलो म्हणून तो पुढे काही बोलला नाही. पण वाट बिरूने आखलीच नव्हती. जमीन माझी होती आणि मी कळप चालताना पाहिलेलाच नव्हता. वाट शोधायचं काम कॉम्प्युटरचं. माळावरच्या मेंढरांचं मला काही गूढ वाटत नाही. ती आयांच्या मागे शिकली, मावशींनी ते नीट सांगितलं आणि मला ते पूर्ण पटतं. माझा प्रश्न त्या राखाडी गोळ्यांचा आहे. त्या कुठल्या आईच्या मागे चालल्या होत्या? पप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं स्तोत्र पाठ करायला बसवतील. ते कागदावर बाभूळ आणि कातळ मांडून बसले आणि शेवटी म्हणाले, "मला नाही सांगता येणार."

दिवाळीनंतर कळप कोकणाकडे गेला. माळावर आता कुणी नाही. बिरू इथेच आहे, वर्गात आता पुढच्या बाकावर बसतो. रविवारी जिथे रेंज मिळेल तिथून मावशींचा व्हिडिओ कॉल येतो आणि तो लॅपटॉपसमोर फोन धरतो. मेंढरं बाभळीपाशी येतात, फाकतात, जागा सोडून जातात, पुढे एक होतात. मावशी बघतात, "झालं, ठेव" म्हणतात आणि जेवलास का विचारतात.

मी शोध सोडलेला नाही. माझ्याच्याने ते होणारही नाही. आठवड्यातून एकदा तरी बसते, एकेक काढून बघते, कारण कुठेतरी कारण असणारच. फक्त हे सगळं मी फाइलच्या कॉपीवर करते. मूळ फाइलला हात लावत नाही, तन्मयलाही लावू देत नाही. न जाणो कारण सापडलं आणि त्यासरशी वळसा निघून गेला, तर रविवारी मावशींना काय दाखवायचं?